कार्ड घरचं, किल्ली माझ्याकडे

मित्रांनो, आज जेवणं झाली की मला पुसणार आहेत. पुसल्यावर माझ्यात बोलायला काही उरणार नाही, म्हणून आत्ताच बोलून घेतो.

मी अँड्रॉइड फोन आहे, जुना. काचेला डाव्या कोपऱ्यात तडा आहे. बॅटरी फुगल्यामुळे पाठ जराशी वर आली आहे. चार्जिंगची वायर तिरकी धरून बसलं तरच माझ्यात वीज शिरते. मला हातात घेणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, 'हा अजून चालतो?' चालतो. मला गोड बोलता येत नाही. माझं निम्मं शिक्षण मेथीच्या वाफ्यात झालं आणि निम्मं ड्रॉवरमध्ये. दोन्हीकडे गोड बोलायला कोणी शिकवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते जाऊ द्या. ज्या हातांनी मला जोडलं ते मी पाहिले नाहीत आणि त्यांनीही मला दुसऱ्यांदा पाहिलं नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं इंग्लंडात, बेसिंगस्टोकला, शार्दूलच्या खोलीत. शार्दूल पुण्याचा. वर्क व्हिसावर आलेला, बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. नवा फोन मिळाला की लोक फोटो काढतात. या गड्याने पहिल्या शनिवारी माझी कडी काढली.

कडी म्हणजे काय ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. माझ्या मुख्य दाराला कंपनी आतून एक कडी लावून पाठवते. तिला बूटलोडर लॉक म्हणतात. ती लावलेली असली की माझ्यात फक्त कंपनीने दिलेली प्रणाली चालते. कडी काढली की मालक हवं ते आत आणू शकतो आणि रूट करून घराच्या प्रत्येक खोलीत शिरू शकतो, कंपनीने बंद ठेवलेल्या खोलीतसुद्धा. पण कडी काढताना एक गोष्ट होते. घर आधी रिकामं केलं जातं. जे असेल ते सगळं पुसलं जातं. चोराने फोन पळवला, कडी काढली आणि तुमचं सगळं वाचलं, असं होऊ नये म्हणून हा नियम आहे. नियम चांगला आहे. मी त्याला शिव्या देणार नाही. माझ्या पोटात तेव्हा शार्दूलच्या घरासमोरच्या गल्लीचे दोनचार फोटो होते. ते गेले. कोणाला काही वाटलं नाही.

कडी काढल्याची एक खूण मात्र राहिली. त्या दिवसापासून मी जेव्हा जेव्हा चालू होतो तेव्हा पडद्यावर आधी एक इशारा येतो की या फोनची कडी उघडी आहे, याच्यावर भरवसा ठेवू नका. मित्रांनो, रोज उठल्या उठल्या स्वतःच्याच तोंडाने जगाला सांगायचं की माझ्यावर भरवसा ठेवू नका. करून बघा एकदा.

पुढे शार्दूलला ब्रिस्टलला नोकरी लागली. तो पद्माकरकाका आणि नीनाकाकूंच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायला आला. काका विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, आता निवृत्त. काकू शाळेच्या किचनमध्ये होत्या. मुलगी शिल्पा इथेच जन्मली, इथेच शाळेत शिकवते. काकांच्या घरात एक कायदा होता आणि तो ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "या घरात पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी भांडी घासायची." शार्दूलने तिसऱ्या दिवशी भांडी घासली आणि घरचा झाला.

मग त्याने नवा फोन घेतला आणि मला काकांना दिलं. देताना त्याने रूट काढलं, कंपनीची मूळ प्रणाली परत भरली, सगळं स्वच्छ केलं. कडी मात्र लावली नाही. विसरला म्हणतो. विसरला कसला, कंटाळा केला.

काकांनी मला सुरू केलं तेव्हा मी कुलपाची नक्षी मागितली. नऊ ठिपके दाखवले आणि म्हटलं, जोडा. काकांनी मला काकूंसमोर धरलं. "नीना, ठिपके आहेत. हे तुझं खातं."

काकू रोज सकाळी रांगोळी काढायच्या. दाराबाहेर इथल्या भुरभुर पावसात ती टिकत नाही, म्हणून देवासमोर स्टीलच्या ताटात काढायच्या. तीच नऊ ठिपक्यांची छोटी नक्षी, हात न उचलता. तीच त्यांनी माझ्या काचेवर ओढली. काकांनी ती बघून बघून बोटात बसवली. मला वाटलं, बरं झालं. इथे बहुतेक घरांत फोनचं कुलूप म्हणजे मुलाची जन्मतारीख असते, आणि ती अख्ख्या मंडळाला पाठ असते. निदान हे लोक वेगळे निघाले.

त्या कुलपामागे माझ्यात एन्क्रिप्शन चालू होतं. कपाटाला कुलूप लावणं वेगळं आणि हे वेगळं. कपाट फोडलं की आतले कागद मिळतात. एन्क्रिप्शनमध्ये कागदांचा भुगा करून ठेवतात आणि भुगा परत जुळवायची रीत एका किल्लीत ठेवतात. किल्ली नसेल तर भुगा हा भुगाच. तुम्ही कितीही हुशार असा.

काकांचा अलॉटमेंट होता, म्हणजे कौन्सिलने भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. त्यात मेथी, अळू, वाल, आणि काकूंच्या हट्टाखातर एका काचेच्या पेटीत कढीपत्त्याचं एक रोप. दर वसंतात एकच भांडण. गेल्या वर्षी कुठे काय पेरलं होतं ते काकांना आठवायचं नाही. काकू म्हणायच्या, अहो, लिहून ठेवत जा. काका म्हणायचे, चिखलाच्या हाताने लिहू काय. शेवटी त्यांनी मला शर्टाच्या खिशात घातलं, रेकॉर्डर चालू केला आणि काम करता करता बोलायला लागले.

काय आवाज होता. रुंद, जरा घोगरा, कारखान्याच्या यंत्रांवरून ओरडून कमावलेला. पेरणी सांगता सांगता गोगलगायींना शिव्या, शेजारच्या वाफ्यातल्या साहेबाच्या भल्यामोठ्या भोपळ्यावर टोमणे, मधेच "नीना, चहा आणतेस की मी उपाशी मरू?" एकदा शार्दूल मदतीला आला आणि नळ चालू ठेवून मेसेज वाचत उभा राहिला. साहेबाचा भोपळा पाण्यात तरंगायला लागला. काका जे ओरडले ते सगळं माझ्याकडे आहे. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचा शेवट ठरलेला. "चला, झालं आजचं. हात धुतो." मग मी बंद.

माझं पोट भरायला लागलं. लंडनमध्ये वेम्बलीला ईलिंग रोडवर मसाले आणायला गेले होते तेव्हा काकांनी तिथल्याच एका दुकानातून मेमरी कार्ड आणलं आणि माझ्यात घातलं. मी विचारलं, हे कार्ड वेगळं ठेवू, की फोनच्याच आतल्या जागेत सामील करून घेऊ? आता हा प्रश्न ज्याने लिहिला त्याला माझ्यासमोर आणा. सामील करून घेतलं की मी कार्डावरच्या सगळ्याचा भुगा करतो आणि किल्ली माझ्याच पोटात ठेवतो, मग ते कार्ड जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला वाचता येत नाही, हे मोठ्या अक्षरांत सांगायला काय जात होतं? बारीक अक्षरांत काहीतरी होतं. बारीक अक्षरं काकांना चष्म्यातूनही दिसत नव्हती.

काकांनी एक क्षणही विचार केला नाही. काकूंना म्हणाले, "विचारतोय, कार्ड पाहुणं ठेवू का घरचं करू. घरचं कर बाबा. आपल्याकडे पाहुणा दोन दिवस."

आणि बटण दाबलं. त्या दिवसापासून काकांचा आवाज कार्डावर आणि कार्डाची किल्ली माझ्यात.

माझी चांगली वर्षं ती. मग बँकेने आपलं ॲप काढलं. काकांनी ते माझ्यात घालायचा प्रयत्न केला आणि ॲपने मला नकार दिला. याची कडी उघडी आहे, इथे आम्ही पैसे ठेवत नाही. ॲप चुकलं असं मी म्हणणार नाही. उघड्या कडीच्या घरात मीही ठेवले नसते. पण शिल्पा चिडली. शार्दूल तेव्हा बेसिंगस्टोकला परत गेला होता. तिने त्याला फोनवर झापलं, तुझे एक्सपेरिमेंट माझ्या बाबावर कशाला. काकांना नवा फोन आला. शिल्पाने माझ्यातून कार्ड उपटून काढलं, आवाज सगळं कार्डावर आहे ना, मग झालं, असं म्हणून पाकिटात ठेवलं, आणि मला किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. रबर बँड, जुनी लायटर, सेलोटेप आणि मी.

तिथे बरीच वर्षं गेली. मला तक्रार करायची नाही. ड्रॉवर उघडला की काकांचा आवाज यायचा, तेवढं पुरे होतं.

मग तो आवाज बदलायला लागला. आधी जड झाला, शब्द एकमेकांना चिकटायला लागले, मग लहान झाला. डॉक्टरांनी स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूंचा आजार सांगितला, मोटर न्यूरॉनचा. हात गेले, उजव्या हाताचं एक बोट राहिलं. आणि एका सकाळी ड्रॉवर उघडला तेव्हा नुसता काकूंचाच आवाज होता. त्या प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर येत नव्हतं.

स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. भल्या होत्या. त्यांनी काकांना एक टॅबलेट आणून दिला. पडद्यावर चौकोन असतात, बोटाने दाबले की यंत्र बोलतं. काकांनी पहिलं वाक्य दाबलं. एका सभ्य इंग्रज गृहस्थाच्या आवाजात यंत्र म्हणालं, नीना, मला चहा आवडेल. काकू किटलीजवळ थांबल्या. म्हणाल्या, "हा कोण परका पुरुष माझ्याकडे चहा मागतोय?"

त्या हसल्या, काकाही डोळ्यांनी हसले. पण काकांनी टॅबलेट उलटा करायला लावला आणि पुन्हा हात लावला नाही. भुकेचं, दुखण्याचं, सगळं मानेने हो-नाही सांगायचे. त्या यंत्रात मराठी बोलणारा एक आवाज होता, पण तोही परक्याचाच. बाईंनी शिल्पाला सांगितलं की त्यांची जुनी रेकॉर्डिंग असतील तर त्यांच्याच आवाजातली वाक्यं कापून त्या चौकोनांत बसवता येतात, मराठीतसुद्धा. नाहीतर हा माणूस यंत्र वापरणार नाही आणि हळूहळू गप्प होईल. मी असे पाहिलेत, म्हणाल्या.

शिल्पाने पाकिटातलं कार्ड लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने विचारलं, हे कार्ड वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का?

हे यंत्रांचं नेहमीचं. कळलं नाही की म्हणायचं, पुसू का. शिल्पाचं बोट तिथे होतं. काकू मागून म्हणाल्या, कळत नसेल तर हो म्हणू नकोस. एवढ्या एका वाक्यावर कार्ड बचावलं. मग शिल्पाने ते दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, खराब झालंय. मग कोणीतरी सुचवलं म्हणून मला ड्रॉवरमधून काढलं, चार्ज केलं. मी नक्षी मागितली. काकूंनी ओढली, चुकली. पुन्हा ओढली, चुकली. काका आजारी पडल्यापासून त्यांनी रांगोळी काढलीच नव्हती. काचेवर बोट नुसतं घसरत होतं. शेवटी मी इशारा दिला की आता आणखी थोडे चुकीचे प्रयत्न झाले तर मी सगळं पुसून टाकीन. घाबरून त्यांनी मला बंद केलं.

"सोड ना आई," शिल्पा म्हणाली. "सगळा आवाज कार्डवर होती. कार्ड डेड आहे. फोनमध्ये काय नाय."

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. किल्ली माझ्यात आहे गं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. इथला जुना फोन टाकून देत नाहीत. भारतात जाणारा कोणीतरी शोधतात, फोन पुसतात आणि त्याच्या बॅगेत घालतात. तिकडे कोणाला तरी होतो. रीत चांगली आहे. घाई वाईट आहे. शार्दूलची बायको श्रद्धा नागपूरची, ती माहेरी निघाली होती. काकूंचा भाचा जय तिथेच असतो. ठरलं. शार्दूल काकांना भेटायला येईल तेव्हा मला पुसून घेऊन जाईल. पुसायला शार्दूलच, कारण इथल्या प्रत्येक मराठी घराचा एक शार्दूल असतो. प्रिंटर अडला, टीव्ही अडला, बोलवा त्याला.

शनिवारी तो आला. काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. माणसाला बोलायला सुचत नाही तेव्हा तो काम मागतो. म्हणाला, काकू, आणा तो फोन, पुसून टाकतो.

त्याने बटणं दाबून मला पुसायच्या यादीपाशी नेण्यासाठी सुरू केलं. नेहमीप्रमाणे माझ्या पडद्यावर आधी तो इशारा आला. कडी उघडी आहे, भरवसा ठेवू नका. शार्दूल हसला. "काका, माझाच पराक्रम. अजून तसाच आहे." मग पुसायचं पान उघडता उघडता सहज विचारलं, "यात कार्ड होतं ना? काढलंत?"

काकूंनी कार्डाची कर्मकहाणी सांगितली. दुकानदार, लॅपटॉप, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा अंगठा माझ्या बटणावर होता. काकू म्हणाल्या, काय रे ते दुर्दैव, किती हौसेने आणलं होतं, फोनने विचारलं पाहुणं ठेवू का, तर हे म्हणाले घरचं कर.

अंगठा उचलला गेला.

"काकू, असं विचारलं होतं? नक्की?"

काकांनी खुर्चीतून मान हलवली. हो.

शार्दूलने मला टेबलावर ठेवलं. इतकं हळू मला त्याने विकत घेतलं तेव्हाही ठेवलं नव्हतं. मग शिल्पाला फोन करून बोलावून घेतलं. ती येताच त्याने सांगितलं की कार्ड मेलेलं नाही, त्याला कुलूप आहे आणि त्याची किल्ली या फोनमध्ये आहे. फोन पुसला असता तर किल्ली गेली असती, आणि मग जगातला कोणीही ते कार्ड उघडू शकला नसता. शिल्पा खुर्ची ओढून बसली.

सोपा उपाय होता, कार्ड परत माझ्यात घालायचं आणि मला उघडायचं. त्याने टॉर्च लावून माझी कार्डाची खाच बघितली. वाफ्यावरच्या ओलीने आणि खताने आतले संपर्क हिरवे पडले होते आणि शिल्पाने कार्ड उपटलं तेव्हा दोन तुटले होते. ती खाच बदलायला अख्खा बोर्ड उचकटावा लागला असता आणि बोर्ड वाचेल याची खात्री नव्हती. म्हणजे किल्लीच बाहेर काढायला हवी. ती कंपनीने बंद ठेवलेल्या खोलीत. तिथे शिरायला रूट लागतं.

शिल्पाने आपल्या फोनवर शोधलं. म्हणाली, "इथे लिहिलंय, स्टेप वन, बूटलोडर अनलॉक करा. त्याने सगळा डेटा जातो. मग काय अर्थ?"

"दुसऱ्या कुठल्याही फोनवर इथेच संपलं असतं," शार्दूल म्हणाला. "याची कडी मी आधीच काढलीय."

शिल्पा त्याच्याकडे बघत राहिली. "ज्याच्यासाठी मी तुला शाउट केली?"

"त्याच्यासाठीच. आणि बरोबर केलंस. ही अक्कल नव्हती माझी. नशीब आहे."

हे तो खरं बोलला, म्हणून मी त्याला माफ केलं. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून उद्या आपल्या फोनची कडी काढायला बसू नका. ज्या फोनमध्ये काही आहे त्याची कडी काढली की आधी तेच जातं. आणि उघड्या कडीचा फोन चोराच्या हाती लागला तर त्याचंही काम सोपं होतं. मी वाचवू शकलो ते कडी माझं पोट रिकामं असताना निघाली होती म्हणून.

राहिली नक्षी. मी पूर्ण एन्क्रिप्टेड. कडी उघडी असली तरी नक्षीशिवाय आतला भुगा जुळत नाही. शार्दूल म्हणाला, आंधळेपणाने बोटं मारायची नाहीत. आधी नक्षी आठवा, मग एकदाच.

काकू कपाळाला हात लावून बसल्या. "अरे, काच बघितली की मला काही सुचतच नाही."

मग काकांचं ते एक बोट खुर्चीच्या हातावर वाजायला लागलं. टक, टक. सगळे वळले. ते देव्हाऱ्याकडे बघत होते. काकूंना कळायला वेळ लागला नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली की बोटाचंही भाषांतर लागत नाही. त्या उठल्या, देवासमोरचं स्टीलचं ताट आणलं, त्यात कणीक पसरली कारण रांगोळी कुठे ठेवली ते आठवेना, आणि नऊ ठिपके दिले. ताट काकांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर गुडघे टेकून बसल्या.

पहिली रेघ सरळ गेली. दुसरीला हात अडला. त्या एका ठिपक्याकडे गेल्या आणि काकांच्या भुवया आवळल्या. पुसलं. दुसरीकडे गेल्या आणि बोट वाजलं, टक. मग हाताला वाट सापडली. हात न उचलता, न थांबता, कणकेतून फिरला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. काकांनी डोळे मिटून उघडले. काकू रडत होत्या आणि कणकेचा हात डोळ्याला लावू नये म्हणून कोपराने डोळे पुसत होत्या.

नक्षी काय होती ते मी सांगणार नाही. मी कुलूप आहे.

शार्दूलने मला लॅपटॉपला जोडलं. वायर तिरकी धरायला शिल्पा बसली. त्याने माझ्यात एक छोटी रिकव्हरी प्रणाली तात्पुरती चढवली, कायमची बसवली नाही. त्या पोराला एवढ्या वर्षांत तेवढी अक्कल आली होती. त्या प्रणालीने नक्षी मागितली. काकूंनी ताटाकडे बघत काचेवर ओढली.

मी उघडलो.

किल्ली इतकी लहान होती की शार्दूलने दोनदा बघितलं. एक ओळसुद्धा नाही. तिच्या त्याने लगेच वेगवेगळ्या जागी प्रती केल्या. मग कार्ड वाचक यंत्रात घातलं, आणि आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवली. मूळ कार्ड बाजूला ठेवलं, नकलेवर किल्ली चालवली. शिल्पा म्हणाली, किती स्लो आहेस. तो म्हणाला, स्लोच असायला पाहिजे.

मग लॅपटॉपवर फायलींची रांग उभी राहिली. मेथी, अळू, मेथी, भोपळा. शार्दूलने एकीवर बोट ठेवलं. आधी वारा, मग फावड्याचा खसखस आवाज, आणि मग तो आवाज. रुंद, घोगरा, चिखलाने भरलेला.

"शार्दूल, नळ बंद कर रे गाढवा, साहेबाचा भोपळा चालला पोहत."

किचनमध्ये सगळे हसायला लागले आणि कोणाचंच हसणं धड राहिलं नाही. शार्दूल मान खाली घालून म्हणाला, "केला काका. बंद केला." काकांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजत होतं. पुन्हा लाव, पुन्हा लाव.

श्रद्धाच्या बॅगेत मी गेलो नाही. फुगलेल्या बॅटरीचा फोन विमानात नेऊही नये, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं. तिने माझ्याऐवजी काकांच्या आवाजाची एक प्रत नागपूरला जयकडे नेली. एक शिल्पाच्या डिस्कवर, एक शार्दूलकडे. शिल्पाने आणि शार्दूलने शनिवार-रविवार बसून वाक्यं कापली. आता टॅबलेटवर चहाचा चौकोन आहे. तो दाबला की काकांच्याच आवाजात येतं, "नीना, चहा आणतेस की मी उपाशी मरू?" आणि काकू किटली न सोडता म्हणतात, मरा थोडे, पाणी उकळतंय. गोगलगायींसाठीच्या शिव्यांचाही एक चौकोन आहे. थेरपिस्ट बाईंना त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

म्हणून आज मी पुसला जाणार आणि जुन्या यंत्रांच्या रीसायकलिंगला जाणार. मला वाईट वाटत नाही. एन्क्रिप्शनची हीच खरी गंमत आहे. ज्या कुलपाने कार्डाची किल्ली जपली त्याचीच किल्ली माझ्या पोटात नष्ट केली की माझं सगळं कोठार, कार्डाच्या किल्लीसकट, एका क्षणात भुगा. कोणी मला कचऱ्यातून उचललं तरी काकांचं एक वाक्य त्याला मिळणार नाही. असं मरण मिळायलाही कोणाला तरी नीट काळजी घ्यावी लागते.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. ज्यात तुमचं माणूस आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका. कार्ड पाकिटात ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. प्रत केली तर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, ऐकून बघा. यंत्र काही विचारत असेल आणि कळत नसेल तर हो म्हणू नका, मग विचारणारं यंत्र कितीही शहाणं दिसो. कुलपाची नक्षी घरात आणखी एकाला ठाऊक असू द्या. आणि जुना फोन कोणाला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण पुसण्याआधी त्याला विचारा, तुझ्यात काही आहे का. आम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही. आम्हाला तसंच बनवलंय.

ताटं उचलली गेली. शिल्पा तिसऱ्यांदा विचारते आहे, "सगळी कॉपी ओपन करून ऐकलीस ना? नुसती बघितली नाय ना?" शार्दूल म्हणतो, ऐकली बाई, नळाचीसुद्धा. मी टेबलावर आहे, पडद्यावर पुसायचं पान उघडं. शार्दूलने मला काकांसमोर धरलं. आज तो विचारल्याशिवाय काही करत नाही.

"काका, पुसू ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचं बोट टॅबलेटकडे गेलं, शोधत शोधत शेवटच्या चौकोनावर थांबलं आणि दाबलं. वाफ्यावरचा वारा आला, आणि त्यांचा आवाज.

"चला, झालं आजचं. हात धुतो."